हवामान असंच बिघडत गेलं तर समाज टिकणार का? शेत ठेवू का विकू, मनापासून विचारतोय

बळ्ळारी_काठ (वडगाव, बेळगाव)

नमस्कार मंडळी, प्रश्न मोठा हाय पण विचारल्याशिवाय राहवेना. आमचं शेत वडगाव शिवारात, बळ्ळारी नाल्यापासून फार लांब नाही, बासमती आणि इंद्रायणी करतो, भात निघालं की त्याच ओलीवर मसूर नाहीतर वाटाणा. आजोबांपासून धूळवाफ पेरणी चालत आलीय, म्हणजे मे महिन्यात वळवाचे एकदोन पाऊस झाले की मशागत करून ठेवायची, रोहिणीत कुरी (पेरणीचं अवजार) धरायची आणि मग मृगाची वाट बघायची. आता ते गणितच बसेना झालंय. २०२३ ला जूनभर आभाळाकडं डोळे, बेळगावला पाणी पुरवणारं राकसकोप धरण तळाला गेलं, आणि पुढं ऑगस्ट तर अख्ख्या देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. २०२५ ला बरोबर उलटं, मान्सून केरळात २४ मेलाच येऊन बसला आणि आमच्याकडं मेमध्येच इतका पडला की कुरी धरायला वाफसाच मिळाला नाही, बी घरात तसंच पोत्यात. आणि ज्या वर्षी पेरणी साधते त्या वर्षी जुलैत नाला फुगतो, गाळ आणि जलपर्णी काढलेली नसते, पाणी शिवारात पसरतं, आठ-दहा दिवस भात पाण्याखाली राहिलं की कुजतंय, मग दुबार पेरणी.

माझा पुतण्या पुण्यात आयटीत हाय. पोरगा हुशार, वाचतो भरपूर. तो म्हणतोय काका, आता उशीर झाला, ह्या शतकातच सगळं कोसळणार, अन्नधान्य, पाणी, सरकार सगळंच, आता चांगला रेट आलाय तर विकून मोकळे व्हा. रात्री झोप लागत नाही ओ. पैशासाठी नव्हे, तो म्हणतोय ते खरं असलं तर पोरांसाठी काय ठेवून जायचं हेच कळेना. तुम्हाला काय वाटतं, समाज ह्यातनं वाचू शकतो का? "सगळं देवाच्या हातात" असलं उत्तर नको, विचार करून सांगा.

दूधगंगा_पल्याड (निपाणी तालुका)

काका, तुमचा प्रश्न आमच्या घरात दर जुलैला असतोय. आमच्याकडं पाऊस धरला की पहिल्यांदा जत्राट-भिवशी, सिदनाळ-अक्कोळ, कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड हे बंधारे-पूल पाण्याखाली जातात, ते ठरलेलंच, त्याला कोण घाबरत नाही, वळसा घालून जातात. पण २०१९ चा ऑगस्ट वेगळा होता. २००५ बघितलेली माणसं म्हणत होती तेवढं काय येत नाही, आणि पाणी त्या खुणेच्या वर चढलं. मातीच्या भिंती बसल्या, म्हशी दावं कापून सोडल्या. २०२१ ला परत.

त्या २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस पडला, २४ तासांत. आमच्या इकडच्या कोरड्या तालुक्यांत अख्ख्या वर्षात एवढा पडतो. असल्या पावसाला धरण किती अडवणार?

मी जे शिकलोय ते सांगतो. मेसेज येतो, अमुक धरणातनं तमुक हजार क्युसेक सोडले. आता क्युसेक, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी, हे ऐकून माझ्या आईला काय कळणार? तिला पाहिजे ते एवढंच की पाणी आपल्या उंबऱ्याला कधी लागणार. आमच्या गल्लीतली पोरं आता काय करतात, राजापूर बंधाऱ्यातनं कृष्णेत किती आलं आणि दूधगंगेतनं किती आलं ह्याची बेरीज केली की कल्लोळजवळ कृष्णेत किती होणार ते निघतं, मागच्या पुरांत त्या आकड्याला गावात पाणी कुठल्या खांबापर्यंत आलं ते त्यांनी लिहून ठेवलंय, त्यावरनं सांगतात की मावशी उद्या संध्याकाळपर्यंत तुमच्या गोठ्यात येतंय, आजच जनावरं हलवा. कोयनेतनं सोडलेलं पाणी आमच्याकडं यायला वेळ लागतो, तेवढा वेळ हातात असतोय, तो वाया घालवायचा नाही. मेसेज कन्नडमध्ये येतो तो मराठीत करून ग्रुपवर टाकतात, कारण म्हाताऱ्या माणसांना वाचता येत नाही. हे काम करायला कुठनं पैसा आला नाही.

समाज कोसळणार का ते मला सांगता येत नाही काका. पण आमची गल्ली २०१९ ला जेवढी कोसळली तेवढी २०२१ ला कोसळली नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

अथणी_पूर्व (सध्या बेंगळूर)

दादाचं पटतंय पण मला जरा कडू बोलायचंय, राग मानू नका. पूर आला की सगळे बघायला येतात, दुष्काळ बघायला कोण येत नाही. अथणी तालुक्याच्या पूर्वेकडं या, एकाच तालुक्यात कृष्णाकाठी ऊस बुडतो आणि आमच्या अंगाला बोअर सातशे-आठशे फूट गेले तरी धुरळा निघतो. २०२३ ला कर्नाटकातल्या २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळी जाहीर झाले, म्हणजे राहिलं काय?

आणि जगाचं बघा. २०२४ हे मोजणी सुरू झाल्यापासनं सगळ्यात गरम वर्ष, कारखाने सुरू व्हायच्या आधीच्या काळापेक्षा साधारण १.५५ अंश जास्त. पॅरिसला २०१५ ला सगळे देश म्हणाले दीडच्या आत ठेवायचा प्रयत्न करू. आता जी धोरणं चालू आहेत तीच राहिली तर शतकाच्या शेवटी अडीच ते तीन अंशांच्या मध्ये जाणार असे अंदाज आहेत. एक अंश वाढला की हवा साधारण ७ टक्के जास्त वाफ धरते, म्हणून पडतो तेव्हा एकदम ढगफुटीसारखा पडतो आणि मधले आठवडे कोरडे जातात. हे फिजिक्स आहे, कुठल्या पार्टीचं भाषण नाही.

मला वाटतं कोसळणं म्हणजे सिनेमातल्यासारखं एका दिवसात होत नाही. आमच्या वाडीत ते चालू झालंय. आधी तरणी पोरं बाहेर गेली, मी पण त्यातलाच. मग शाळेत पोरं कमी, मग मास्तर कमी, मग एसटी बंद, मग किराणा दुकान बंद, मग ज्यांना कुठं जाता येत नाही तेवढेच राहिले. तिथं तुम्ही समाज टिकला म्हणणार का? काका, तुमचा पुतण्या पूर्ण चुकत नाही. फक्त तो म्हणतोय की विका आणि सुटा, तिथं माझं जमत नाही, कारण सुटून येणार कुठं, बेंगळूरला २०२४ च्या उन्हाळ्यात आमच्या अपार्टमेंटमध्ये टँकरसाठी भांडणं झालीत.

निवृत्त_मास्तर (खानापूर)

दोघांचंही वाचलं. मी इतिहास शिकवायचो म्हणून थोडं मागचं सांगतो, लांबलं तर सांभाळून घ्या.

१८७६ ते ७८ चा दुष्काळ आपल्याच भागात पडला होता. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात, आणि शेजारचा कलादगी जिल्हा, म्हणजे आजचा विजापूर-बागलकोट, सगळ्यात जास्त होरपळला. पाऊस गेला हे खरं, पण त्याच काळात हिंदुस्थानातून धान्य बोटीत भरून विलायतेला जातच होतं, बाजारात सरकारनं हात घालायचा नाही असं धोरण होतं, खडी फोडायच्या कामावरची मजुरी कापली होती. दक्षिण हिंदुस्थानात ५० लाखांहून जास्त माणसं गेली. आता १९७२ घ्या. पाऊस तेव्हाही गेला, विहिरी आटल्या, जनावरं गेली, लोकांनी अमेरिकेतली मिलो ज्वारी खाल्ली. पण महाराष्ट्रात १९७३ च्या उन्हाळ्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती, हातात मजुरी येत होती, आणि भुकेनं तसे लाखोंनी मुडदे पडले नाहीत. त्यातूनच पुढं रोजगार हमी कायदा आला. दोन्ही वेळा पावसानं दगा दिला, पण फरक पडला तो माणसांनी काय ठरवलं त्यानं.

ओडिशाचंही बघा. १९९९ च्या चक्रीवादळात सुमारे १० हजार माणसं गेली. २०१३ ला फायलीन आलं, तेही मोठंच होतं, पण आधीच लाखो लोकांना हलवलं आणि मृत्यू पन्नासच्या आत राहिले. तोच किनारा, तीच गरिबी. मधल्या चौदा वर्षांत निवारे बांधले, गावोगावी माणसं तयार केली.

म्हणून पुतण्याला सांगा की उशीर झालाय हे त्याचं बरोबर आहे, आता काहीच उपयोग नाही हे चूक आहे. पॅरिस कराराच्या आधी अंदाज चार अंशांच्या जवळ जात होते, आज ते तीनच्या आत आलेत. हे आपोआप झालेलं नाही. सौरऊर्जा दहा-पंधरा वर्षांत प्रचंड स्वस्त झाली, आपल्या देशात २०२५ मध्ये वीजनिर्मितीच्या क्षमतेत निम्मा वाटा कोळसा-गॅसशिवायचा झाला. प्रत्यक्ष वीज अजून बहुतेक कोळशाचीच आहे, ते लपवून चालणार नाही. पण तीन अंश आणि दोन अंश यांत जो फरक आहे त्यात कोट्यवधी माणसांचं जगणं आहे, आपलं सीमाभागाचं तर आहेच.

मला भीती तापमानाइतकीच भांडणाची वाटते. २०१९ च्या पुरानंतर वर्षभर नुसतं अलमट्टी अलमट्टी चाललं, म्हणजे कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या त्या धरणाच्या फुगवट्यानं महाराष्ट्रात पूर येतो असा आरोप. महाराष्ट्रानंच नेमलेल्या वडनेरे समितीनं सांगितलं की त्या पुराला अलमट्टी कारण नाही, तरी आता उंची ५१९.६ वरून ५२४.२५६ मीटर करायचा विषय निघाला की परत तोच ताण. शंका असतील तर त्या अभ्यासानं सोडवाव्यात, मी कोल्हापूरकडच्या शिरोळच्या लोकांची काळजी खोटी म्हणत नाही. पण त्याच दोन राज्यांत २०२१ च्या जूनमध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे जलसंपदा मंत्री जयंत पाटील बेंगळूरला येऊन कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री येडियुराप्पांना भेटले आणि धरणांची माहिती वेळच्या वेळी एकमेकांना द्यायचं ठरलं. मे २०२३ ला कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी महाराष्ट्राला पत्र लिहून कृष्णा आणि भीमेत पिण्यासाठी पाणी सोडा म्हटलं. तिकडं महाराष्ट्रातल्या जतच्या लोकांना आपल्या कर्नाटकाच्या बाजूनं पाणी हवंय. अथणी आणि जत शेजारी आहेत, सोयरीक आहे. हा देण्याघेण्याचा व्यवहार कायमचा लेखी झाला तर अथणी_पूर्व म्हणतात ती एसटी कदाचित बंद पडणार नाही.

जांबोटीची_आक्का

मास्तर छान लिहिलंत. मी एवढी शिकलेली नाही पण माझं पण ऐका.

सगळे धरणाचं बोलालेत, डोंगराचं कोण बोलेना. मलप्रभा आमच्या कणकुंबीला उगवते, तीच पुढं नविलुतीर्थ धरणात साठते आणि तिचंच पाणी हुबळी-धारवाड पितं. आमच्याकडं पाऊस कमी झालाय असं नाही, धो धो पडतोय. पण पूर्वी जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत वाहणारे ओहोळ आता लवकर आटतात. माझ्या सासूबाई ज्या झऱ्यावर होळीनंतर सुद्धा घागर भरायच्या तिथं आता दगड कोरडे असतात. झाड गेलं की पाणी मुरायचं थांबतं, सरळ वाहून जातं, मग खाली पूर आणि उन्हाळ्यात वर आम्हालाच टँकर. इतकी पावसाची माणसं आम्ही आणि मे महिन्यात पाण्याला लांब जावं लागतंय.

पश्चिम घाट जपायचा म्हणून गाडगीळ समितीचा अहवाल २०११ ला आला, मग कस्तुरीरंगन समितीचा, तो आमच्या कर्नाटक सरकारनं २०२४ ला फेटाळला. आमच्या गावात पण त्याला विरोध झाला, कारण लोकांना वाटलं आता घर बांधायला पण परवानगी लागणार, आम्हाला काढून टाकणार. नीट कोण समजावून सांगायलाच आलं नाही. जंगलातल्या माणसाला विचारलं नाही तर तो कशाला साथ देईल?

आमच्या बचत गटानं मागच्या दोन-तीन उन्हाळ्यांत ओहोळावर दगड-मातीचे बांध घातले, पोत्यात माती भरून. गुरं प्यायला येतात तिथं आता थोडे दिवस जास्त पाणी टिकतंय. वडगावच्या दादा, शेत विकू नका असं मी म्हणणार नाही, तुमची परिस्थिती तुम्हालाच माहीत. पण जी भातजमीन प्लॉट होते ती परत भातजमीन होत नाही आणि तिथलं पाणी शेवटी तुमच्याच शेजाऱ्याच्या शेतात जातं.

बळ्ळारी_काठ (वडगाव, बेळगाव)

सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, खरंच आभारी हाय. पुतण्याला हे सगळं वाचायला पाठवलं. तो म्हणतोय मास्तरांचा ओडिशाचा मुद्दा त्यानं विचारात घेतला नव्हता, पण अथणीवाल्या भावाचं त्याला जास्त पटलंय. आमचं बोलणं अजून चालू हाय, तुटलेलं नाही.

मी शेत ह्या वर्षी तरी विकत नाही. आक्का, तुमचं शेवटचं वाक्य घरात वाचून दाखवलं, आमच्या शिवारात तेच होऊलालंय, वरच्या अंगाला भराव पडले आणि नाल्याला जायला जागा उरली नाही. निम्मं रान धूळवाफ आणि निम्मं रोप लावून बघणार, म्हणजे पाऊस लवकर आला किंवा उशिरा आला तरी सगळंच एकदम जाणार नाही. आणि आम्ही शहापूर, येळ्ळूर, अनगोळ, धामणेच्या शेतकऱ्यांनी नाल्याचा गाळ मे उजाडायच्या आधी काढावा म्हणून एकत्र निवेदन द्यायचं ठरवलंय. दरवेळी वेगवेगळे जातो आणि दरवेळी बघू म्हणून परत पाठवतात, ह्या वेळी फोटो आणि बुडालेल्या क्षेत्राची यादी घेऊन जाणार.

दूधगंगा_पल्याड, तुमच्या पोरांनी ते बेरजेचं आणि खांबाच्या खुणांचं कसं लिहून ठेवलंय ते पाठवा की. आमच्या नाल्याला पण तसंच करायचंय, कुठल्या पुलाला किती पाणी आलं की कुणाचं शेत बुडतं ते.

दूधगंगा_पल्याड (निपाणी तालुका)

पाठवतो काका, वहीचे फोटो काढून टाकतो उद्या. एक करा, पुलाच्या खांबावर रंगानं फुटाच्या खुणा मारा आणि पावसाळ्यात एकाच माणसाकडं ते काम द्या, रोज सकाळी एकाच वेळेला बघून लिहायचं. दोघातिघांत वाटलं की कोणच बघत नाही, आमचं पहिल्या वर्षी तसंच झालेलं. आणि पावसाचा आकडा पण पाहिजे, कुणाच्या तरी शेतात साधं पर्जन्यमापक लावा, नाला फुगायच्या आधी किती तास मिळतात ते त्यावरनंच कळतंय.

अथणी_पूर्व (सध्या बेंगळूर)

काका, पुतण्याला माझा नंबर मेसेज करा, बोलतो त्याच्याशी. आणि त्या खुणांची नोंद एक्सेलमध्ये घालायला माणूस लागला तर मी करतो, शनिवार-रविवार मोकळा असतो.