लग्नाला फोटोग्राफर किती आणि किती तास? अनुभव लिहा

लग्न ठरलं की हॉलच्या पाठोपाठ फोटोग्राफरचं कोटेशन हातात येतं: ट्रॅडिशनल (पोज देऊन काढलेले), कॅन्डिड (नकळत टिपलेले), व्हिडिओ, सिनेमॅटिक, ड्रोन. यातलं नेमकं किती लागतं आणि कुठे चुकतं, हे ज्यांना पक्कं ठाऊक आहे त्यांनी लिहावं. दर नकोत, ते गावागणिक बदलतात.

लग्नाचे फोटो काढणारा, पुणे

पॅकेज बघण्याआधी गुरुजींकडून विधींच्या वेळा घ्या. मग एकाच वेळी दोन ठिकाणी काय चाललेलं असेल, ते मोजा. माणसं त्यावरून ठरतात, पाहुण्यांच्या संख्येवरून नाही.

सगळ्यात अवघड जागा अंतरपाटाची. वर-वधू समोरासमोर, त्यामुळे दोघांचे चेहरे समोरून एका कॅमेऱ्यात येतच नाहीत. शेवटचं ‘सावधान’ झालं की अंतरपाट बाजूला होतो, अक्षता पडतात, हार घातले जातात. सगळं काही सेकंदांत. म्हणून मुहूर्ताला फोटोचे दोन कॅमेरे हवेतच: एक वधूच्या खांद्यामागून वराकडे, दुसरा उलट बाजूने. व्हिडिओचा ट्रायपॉड मधोमध, मंचाच्या खाली. अक्षता टाकायला मंडळी मंचावर चढली की तिघांचंही दिसणं बंद होतं. पहिली पायरी मोकळी ठेवा, असं माइकवरून मंगलाष्टकांआधीच सांगायला लावा, नंतर कोणी ऐकत नाही.

कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी एकाच होमाभोवती होतात. तिथे एकजण पुरतो. दुसऱ्याला तेव्हा रुखवत आणि पंगतीकडे पाठवावं.

नियोजन करणारी, नाशिक

‘आठ तास’ म्हणजे कधीपासून, हे लिहून घ्या. पार्लरमध्ये सहाला सुरुवात केली तर दोनला, ऐन पंगतीत वेळ संपते आणि पाठवणी राहते. मेकअपचा शेवटचा अर्धा तास पुरेसा असतो. गौरीहरापासून (मुहूर्ताआधीची वधूची पूजा) धरलं तर तेच आठ तास पाठवणीपर्यंत ताणता येतात.

कानपिळी, सूनमुख, झाल (वधूला सासरच्यांकडे सोपवणं) हे विधी दोन-पाच मिनिटांत उरकतात आणि छापील यादीत बहुधा नसतात. ते हाताने लिहून द्या, सोबत घरातली एक अशी व्यक्ती द्या जी आत्या-मावश्या ओळखते. गृहप्रवेश दुसऱ्या गावी असेल तर त्यासाठी तिकडचाच माणूस ठरवावा.

आणखी एक. दोन्हीकडून आपापले फोटोग्राफर आले की एकमेकांच्या फ्रेममध्ये उभे राहतात, एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या फोटोत येतो. मुहूर्तापुरती जागा कोणाची, हे दोन्ही घरांनी आधी बोलून घ्यावं. यावरून मंचावर होणारी चिडचिड शेवटी फोटोतच दिसते.

व्हिडिओ एडिटर, ठाणे

हॉलमधले स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. कॅमेऱ्याचं शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवलं नाही तर चित्रात पट्टे फिरतात, आणि ते नंतर नीट काढता येत नाहीत. स्लो मोशनसाठी सेकंदाला १२० ऐवजी १०० फ्रेम घ्यायला सांगा.

आवाजाबद्दल कोणी विचारत नाही. गुरुजींजवळ वेगळा रेकॉर्डर किंवा हॉलच्या साउंड मिक्सरमधून वायर घेतली नाही, तर मंगलाष्टकांच्या जागी गाणं टाकावं लागतं. आजीने म्हटलेलं मंगलाष्टक पुन्हा कसं मिळणार? ड्रोनवरचे पैसे इकडे वळवा. बंद कार्यालयात ड्रोनचा उपयोग नाही. मोकळ्यावर उडवायचाच असेल तर २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोनसाठी चालवणाऱ्याकडे रिमोट पायलटचं प्रमाणपत्र आहे का ते बघा.

स्वागत समारंभाचं गणित

४०० पाहुणे, चौघांचा एक गट, म्हणजे १०० गट. गटाला ४० सेकंद धरली तरी सव्वा तासाच्या आसपास जातो. तेवढा वेळ एक फोटोग्राफर मंचावरून हलू शकत नाही. घरच्यांचे गट आधी, पाहुणे यायच्या अर्धा तास अगोदर उरकावेत. नाहीतर जवळचेच राहतात.

अल्बम डिझाइन करणारी, कोल्हापूर

१२ बाय ३६ इंचांच्या ३५ शीट, प्रत्येकीवर चार-पाच फोटो, म्हणजे एकशे चाळीस ते पावणेदोनशे. तीन हजार फोटो घेतले तरी अल्बमात एवढेच बसतात, आणि निवडायला घरच्यांचे महिने जातात. मूळ फाइल किती दिवस ठेवणार ते करारात लिहा आणि दोन हार्ड डिस्कवर उतरवून घ्या.

छोटं लग्न असेल तर

पन्नास माणसांत, एकाच जागी, साध्या विधींनी होणाऱ्या लग्नाला एक फोटोग्राफर चार तास, बस. नोंदणी विवाहाला दीड-दोन तास: सह्या करताना वर-वधू, तिघे साक्षीदार, मग बाहेर घरच्यांसोबत.

विधींनी लग्न केलं तर विवाह नोंदणीच्या अर्जाला लग्नातला फोटो आणि पत्रिका लागते. हार घातलेला, दोघांचे चेहरे स्पष्ट असलेला एक फोटो त्याच आठवड्यात छापून घ्या. त्यासाठी अल्बमची वाट बघू नका.