पश्चिमेच्या खिडक्या आणि जुन्या वाड्याचा दरवाजा : मदत हवी आहे (नाशिक)

नमस्कार मंडळी,

म्हसरूळला आमच्या घराचं काम सुरू आहे. स्लॅब झाला, वीटकाम चालू आहे, आणि गवंडी रोज खिडक्यांची मापं मागतोय. माझं दोन ठिकाणी अडलंय.

बैठकीची मोठी भिंत पश्चिमेला आहे. आर्किटेक्ट तिथे 6 बाय 5 फुटांची ॲल्युमिनियमची स्लायडिंग सुचवतात. मला ती नको वाटते. दोन ट्रॅकची स्लायडिंग कितीही सरकवली तरी निम्मीच उघडते, आणि एप्रिलमधल्या संध्याकाळी वाऱ्यासाठी पूर्ण खिडकी मोकळी हवी. शिवाय जुलैत त्र्यंबकच्या बाजूने येणारा पाऊस थेट याच भिंतीवर आपटतो. सध्याच्या भाड्याच्या घरात तो अनुभव घेतलाय. खालच्या ट्रॅकमधली पाणी जायची छिद्रं मातीने बुजली होती. काडी घालून मोकळी केली तेव्हा गळणं बरंच कमी झालं, पण झड लागली की पाणी अजूनही गादीपर्यंत येतं.

म्हणून बाहेर उघडणाऱ्या दोन झडपांची यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकची) खिडकी बघतोय. झडप रबरावर दाबून बसते, त्यामुळे पाणी कमी येईल असं वाटतं. पण मग ग्रिल आतून येणार, आणि मच्छरदाणीची जाळी त्याच्याही आत. रोज खिडकी लावताना आधी जाळी उघडा, मग ग्रिलमधून हात घाला, हे आईला सत्तरीत जमेल का? असं कोणी केलं असेल तर कृपया सांगा. एका दुकानात चौकटीच्या नमुन्याचा कापलेला तुकडा मागितला, तर आत मजबुतीसाठीची स्टीलची पट्टीच नव्हती. एवढ्या मापाला ती हवीच ना?

उन्हाचंही आहेच. मावळतीचं ऊन तिरपं येतं, दोन फुटी छज्जा त्याला पुरणार नाही. बाहेरून वाळ्याचे किंवा बांबूचे पडदे लावलेत का कोणी? पावसाळ्यात ते काढून ठेवता का?

दुसरा प्रश्न माझ्या जास्त जिव्हाळ्याचा. जुन्या नाशकातला आमचा वाडा पाडला तेव्हा वडिलांनी दिंडीदरवाजाशेजारचा सागवानी दरवाजा चौकटीसकट जपून ठेवला. दोन फळ्या, पितळी कड्या, आतून अडसर. लाकूड ठणठणीत आहे, वाळवी कुठेच नाही. पण आतली उंची फक्त 5 फूट 4 इंच, आणि माझा भाऊ सहा फुटी. सुतार म्हणतो, खाली नवीन साग जोडून उंची वाढवू. म्हणजे मूळ उंबरठा काढावा लागेल, आणि त्याच उंबरठ्यावर आजीने वर्षानुवर्षं हळदीकुंकू वाहिलंय. दुसरा पर्याय म्हणजे तो देवघराला लावायचा. तिथे वाकून आत जाणं शोभेलही, पण मला तो रोज येताजाता हाताला लागायला हवा आहे.

जुन्या चौकटीला असा जोड कोणी दिला आहे का? पुढे सांधा उघडला का? नाशकात वाड्यांच्या लाकडावर काम केलेला सुतार माहीत असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा.

गवंड्याला सोमवारी मापं द्यायची आहेत.