"वाचून, समजून-उमजून लिहून दिले असे": दस्ताची मराठी कुणाला समजली पाहिजे?

बांधावरची (धागा सुरू करणारी)

गेली अकरा वर्षं मी तालुक्याच्या गावी दस्त तयार करून देते. खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, हक्कसोडपत्र. मागच्या महिन्यात साठीच्या एक बाई जुना कागद घेऊन आल्या. सात वर्षांपूर्वी दुसऱ्या कुणीतरी केलेला. म्हणाल्या, "भावाला विहिरीसाठी कर्ज काढायचं होतं, म्हणून संमती दिली होती. आता सातबाऱ्यावर माझं नावच नाही म्हणतात. नाव कुठं गेलं तेवढं बघ."

कागद हक्कसोडपत्राचा होता. त्यातलं मुख्य वाक्य दुसऱ्या पानावर सुरू होऊन तिसऱ्या पानाच्या मध्यावर संपत होतं. मधला तुकडा असा: "सदर मिळकतीमधील माझा अविभक्त हिस्सा मी लिहून घेणार यांचे लाभात विनामोबदला कायमचा सोडून दिला असून त्यावर माझा अगर माझे वली वारसांचा कोणत्याही प्रकारचा हक्क, अधिकार, हितसंबंध राहिलेला नाही अगर राहणार नाही." शेवटी नेहमीची ओळ: राजीखुशीने, अक्कलहुशारीने, वाचून, समजून-उमजून लिहून दिले असे. आणि "वाचून" या शब्दाखाली दोन बोटांवर बाईंचा अंगठा.

मी त्यांना सांगितलं, "मावशी, तुम्ही तुमचा हिस्सा भावाला देऊन टाकलाय." त्यांनी कागदाची घडी जुन्या घडीवरच नीट बसवली, पिशवीत ठेवला आणि गेल्या.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. नोंदणी कायदा १९०८ चा. त्याच्या कलम १९ प्रमाणे दस्त नोंदणी अधिकाऱ्याला न समजणाऱ्या आणि त्या जिल्ह्यात सर्रास न वापरल्या जाणाऱ्या भाषेत असेल, तर सोबत भाषांतर लागतं, नाहीतर तो नोंदवून घेत नाहीत. अधिकाऱ्याला समजण्याची एवढी काळजी आहे. सही करणाऱ्याला समजेल अशा भाषेत दस्त हवा, असं मात्र त्यात कुठेच नाही.

माझं म्हणणं: प्रत्येक दस्ताच्या पहिल्या पानावर, नावं संपली की लगेच, बोली मराठीत पाच ओळींचा "थोडक्यात" मजकूर असावा. काय देतोय, बदल्यात काय मिळालं, माझ्याकडे काय उरलं, परत मागता येईल का. तुम्हाला काय वाटतं?

दिवाणी_फौजदारी

ताई, तीस वर्षं दिवाणी कोर्टात काढली आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो. तुमचा हेतू चांगला आहे, पण उपाय घातक आहे. एकाच दस्तात एकच व्यवहार दोन भाषांत लिहिलात, की पहिल्याच दाव्यात समोरचा वकील विचारणार, यातला खरा मजकूर कोणता? दोन्हींत एका शब्दाचा फरक निघाला तरी साक्षीपुराव्यात वर्षं जातील.

शब्दाची नुसती जागा बदलली तरी काय होतं, ते मुदत खरेदीत बघा. शेतकरी पैसे घेतो, जमीन खरेदी देतो, आणि ठरतं की अमुक वर्षांत पैसे परत केले तर जमीन परत. त्याच्या मनात ते गहाण असतं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात १९२९ साली दुरुस्ती झाली: परत देण्याची अट त्याच खरेदीखतात लिहिलेली नसेल, तर तो व्यवहार गहाण धरता येत नाही. अट वेगळ्या कागदावर गेली, की जमीन गेली. अशी खाती-पिती घरं मी उभी-आडवी झालेली पाहिली आहेत. वाक्य कुठल्या कागदावर आहे, एवढ्यावर सगळा निकाल.

आमचे ठरलेले शब्द लोकांना लांबलचक वाटतात. पण प्रत्येक शब्दामागे कुणाचा तरी हरलेला दावा आहे. "जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह दरोबस्त", म्हणजे सगळंच्या सगळं, हे पोथीतलं वाटतं ना? "जमीन विकली" एवढंच लिहा आणि पाच वर्षांनी बांधावरच्या आंब्यावरून काय होतं ते बघा.

सजा_क्रमांक

तलाठी म्हणून नोकरी केली, आता निवृत्त. आंब्याचं वकीलसाहेबांचं म्हणणं खरं आहे. झाड एकाचं, जमीन दुसऱ्याची, विहिरीत तिसऱ्याची पाण्याची पाळी, हे सगळं सातबाऱ्याच्या इतर हक्कांत मी माझ्या हाताने लिहिलंय.

पण ताई, सोपं म्हणजे कुणाला सोपं, ते आधी ठरवा. शहरातल्या शिकलेल्या माणसाला "पोटखराबा", म्हणजे शेतातला लागवडीला न येणारा तुकडा, कळत नाही. माझ्या सजातल्या अंगठेबहाद्दर म्हातारीला कळतो. फेरफार, खातेफोड, वहिवाट, चतुःसीमा, लिहून देणार, लिहून घेणार, हे शब्द गावाच्या तोंडात आहेत. जमीन, वकील, दस्त, वारस, हक्क, कब्जा हे फारसी-अरबीतून आले. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राजव्यवहारकोश करवून घेतला, त्याला साडेतीनशे वर्षं होत आली तरी गेले नाहीत, कारण लोकांनी ते आपले करून टाकले. अडतो कुठे, तर नंतर आलेल्या "निष्पादक", "हस्तांतरिती", "प्रतिफल" अशा शब्दांवर. "लिहून देणार" म्हटलं की बाईला कळतं, लिहून मी देतेय. "निष्पादक" म्हटलं की ती माझ्या तोंडाकडे बघते. तेव्हा सोपं करायच्या नावाखाली जुने शब्द काढू नका, हात जोडून विनंती.

बांधावरची

काका, हे शंभर टक्के मान्य. धागा काढताना मी सगळाच दोष जुन्या शब्दांवर टाकत होते, ते चुकलं. त्या मावशींना "हिस्सा" कळत होता, "सोडून दिला" कळत होतं, "वारस" कळत होतं. वाक्य एवढं लांब होतं की ते शब्द एकमेकांना भेटलेच नाहीत. कुणीतरी एका दमात वाचून गेलं असणार.

वकीलसाहेब, तुमच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे अजून उत्तर नाही. विचार करते.

सुपे_१८७५

या विषयाला इतिहास आहे, तोही इथलाच. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकरी जमले. सावकारांच्या घरादुकानांतून त्यांनी कागद बाहेर काढले आणि जाळले. ते लोण पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांत गेलं. लोकांचा मुख्य रोख खतं आणि रोखे यांच्यावर होता, हे त्या वेळच्या चौकशीतही आलं. ज्या कागदावर आपला अंगठा आहे पण ज्यात काय आहे ते आपल्याला माहीत नाही, तो कागद त्यांना नष्ट करायचा होता.

१८७९ साली दख्खन शेतकरी मदत कायदा आला. त्यात गावनिबंधकाची तरतूद होती: शेतकऱ्याने करून द्यायचा दस्त त्याच्या देखरेखीखाली लिहिला गेला पाहिजे. पुढे त्याच कायद्यात कलम १०-अ आलं आणि दस्तावर काहीही लिहिलेलं असो, मूळ व्यवहार काय होता हे पाहण्याची मुभा कोर्टाला मिळाली. म्हणजे लिहिलेलं आणि ठरलेलं यांत अंतर असतं, हे परक्या सरकारनेही कबूल केलं होतं. मग आज आपण आपल्याच भाषेत ते अंतर का ठेवावं? वकीलसाहेबांचा "दोन मजकूर" हा आक्षेप मला पटतो. पण त्यावरून जुनाच मजकूर ठेवावा, असं निघत नाही.

मांडवी

गोव्यातून. आमच्याकडे आजोबांच्या वेळचे कागद पोर्तुगीजमध्ये, आताचे बहुतेक इंग्रजीत. घरात कोकणी, वाचायला मराठी. आईने एका कागदावर सही केली तेव्हा मी शेजारी बसून तोंडी भाषांतर करत होतो आणि निम्मं मलाच कळत नव्हतं. तुमचा कागद तुमच्या भाषेत आहे. तो आणखी एक पाऊल पुढे नेणं तुम्हाला शक्य आहे, हे विसरू नका.

बांधावरची

वकीलसाहेब, दोन दिवस कागदावर खरडत होते. "थोडक्यात" हा वेगळा मजकूर मी मागे घेते. दोन मजकूर नकोतच. मुख्य कलमच असं लिहायचं:

"मी वर लिहिलेल्या जमिनीतला माझा हिस्सा माझ्या भावाला सोडून देत आहे. त्याबद्दल मी पैसे घेतलेले नाहीत. यापुढे मला किंवा माझ्या मुलांना या जमिनीत हिस्सा मागता येणार नाही."

आंब्याची, विहिरीची, वहिवाटीची यादी याच्या खाली, हवी तेवढी लांब. यात कायद्याने काय कमी पडतं ते सांगा.

दिवाणी_फौजदारी

आता बोलण्यासारखं झालं. तीन ठिकाणी कमी पडतं.

एक, "जमिनीतला". घर, गोठा, विहिरीतला हिस्सा यांचं काय? "मिळकतीतला" लिहा. तो शब्द गावात चालतो.

दोन, "भावाला". भाऊ तीन असतील तर? नाव घाला, प्रत्येक वेळी घाला.

तीन, "मुलांना". सून, नातू, मुलीची मुलं यांतून वाद निघेल. "वारसांना" लिहा. शिवाय "देत आहे" नको, "दिला आहे" हवं. देत आहे म्हणजे अजून दिलेला नाही, असा वाद मी स्वतः ऐकला आहे.

एवढं केलं तर वाक्यं छोटी ठेवायला माझी हरकत नाही. उलट एक गोष्ट तुमच्या बाजूने सांगतो. पडदानशीन, म्हणजे पडद्यात राहणाऱ्या, स्त्रीने करून दिलेल्या दस्ताबाबत प्रिव्ही कौन्सिलच्या, म्हणजे इंग्रजी अमलातल्या लंडनच्या शेवटच्या अपील कोर्टाच्या, काळापासून तत्त्व आहे: तिला तो समजला होता, हे ज्याला लाभ झाला त्याने सिद्ध करायचं. पुढे निरक्षर स्त्रियांनाही कोर्टांनी ते लावलं. तेव्हा समजेल असा दस्त हा लिहून घेणाऱ्याच्याही फायद्याचा आहे. पक्षकाराला हे समजावलं तर तो नाही म्हणणार नाही.

पण एका बाबतीत माझं मत तेच आहे. "दरोबस्त" मी काढणार नाही.

सजा_क्रमांक

काढूही नका.

माहेरचा_आहेर

सगळं वाचलं. वाक्यं छोटी करा, जरूर करा. पण बायका कळत नाही म्हणून सही करतात, असं कृपा करून धरून चालू नका. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे. हे बहुतेकींना आता माहीत आहे. तरी सही होते. सही केली नाही तर दिवाळीला बोलावणं येत नाही, मुलीच्या लग्नात मामा उभा राहत नाही. हे कुठल्या मराठीत लिहाल?

बांधावरची

त्याला माझ्याकडे मसुदा नाही, ताई. तुमचं म्हणणं खोडतही नाही. पण माझ्याकडे आलेल्या मावशींना माहेर टिकवण्यासाठी आपण किती मोजलं, हेच ठाऊक नव्हतं. ते त्यांना सात वर्षांनी एका परक्या बाईकडून कळलं. मला फक्त तेवढं आधी कळवता येतं.

माहेरचा_आहेर

मी २०११ मध्ये सही केली. चार पानं होती, दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात गर्दी होती. फोटो झाला, अंगठा झाला, "तुमचीच सही ना?" विचारलं, हो म्हणाले. तुम्ही वर लिहिलेली तीन वाक्यं त्या दिवशी समोर असती तरी मी सही केलीच असती, खोटं कशाला बोलू. पण आईने लावलेली चिंच त्या यादीत आहे का, एवढं मी भावाला तिथंच विचारलं असतं.