गायक काळी २ मागतो आणि माझी खालची तार पांढरी ३ लाच संपते. पाच तारांचा बेस घेऊ का?

खर्जवाला_डोंबिवली

नमस्कार मंडळी. वय ४४. आठवडाभर एका कंपनीत अकाउंट्स, शनिवार-रविवार हिंदी-मराठी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार. एकवीस वर्षं झाली. मी नेमकं काय वाजवतो हे आमच्या निवेदिकेलाही ठाऊक नाही, ओळख करून देताना "आणि गिटारवर" म्हणून दोघांना एकत्र उरकते. ते असो.

आमचा मुख्य गायक पन्नाशी ओलांडून गेला. जी गाणी तो पांढरी ३ मध्ये म्हणायचा ती आता काळी २ मध्ये घेतो, म्हणजे पेटीवरची शेजारची पट्टी, अर्धा सूर खाली. त्याला दोष नाही, गळा काही लोखंडाचा नसतो. कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं बटण एकदा दाबतो आणि चहा प्यायला मोकळा. माझी मात्र सगळ्यात जाड तार ओपनच ई, म्हणजे पांढरी ३. त्याच्या खाली जमीनच नाही. जे गाणं ओपन तारेवर आरामात बसायचं ते आता सप्तकभर वरून वाजवतो. अंतरा संपून सगळं खाली येतं त्या नेमक्या जागी बेस वर उडी मारतो. लोकांना कळत नाही, पण ड्रमर मान वळवून बघतो.

गेल्या महिन्यात एका मंडळाच्या कार्यक्रमात मी शहाणपणा केला. चारही तारा अर्ध्या सुराने उतरवून ठेवल्या. काळी २ ची पहिली दोन गाणी झकास गेली. मग एक लावणी. तारा उतरलेल्या, म्हणजे प्रत्येक सूर एक फ्रेट (मानेवरचा आडवा घर) पुढे धरायचा, हे मला पाठ होतं. बोटांना नव्हतं. अख्खा ऑर्केस्ट्रा एका पट्टीत आणि मी अर्धा सूर खाली, ते समोर उभ्या केलेल्या दोन सबवूफरमधून. तीन-चार मात्रांचाच खेळ, पण गायिकेने गाता गाता कान असा धरला की मला अजून दिसतो. पाकीट पूर्ण मिळालं. परतीच्या गाडीत कोणी विषय काढला नाही, ते जास्त लागलं.

तेव्हापासून पाच तारांचा घ्यायचं डोक्यात आहे. ई च्या खाली बी ची तार मिळेल, काळी २ काय, काळी १ पण मिळेल. पण अडचणी ऐका.

एक, वजन. माझा आत्ताचा बेस बॅग मोजायच्या लटकत्या काट्यावर ४.३ किलो भरला. पिशवी, डीआय बॉक्स (बेसचा सिग्नल मिक्सरला पोचवणारी डबी), केबली, एक्सटेन्शन बोर्ड धरून आठच्या आसपास. डोंबिवली ते दादर लगेजच्या डब्यातूनच जातो, साध्या डब्यात हेडस्टॉक (मानेचा चाव्यांचा शेंडा) कोणाच्या तरी चष्म्यात जातो. लगेजमध्ये निदान पाट्या आणि डब्यांच्या क्रेटमध्ये तो सरळ उभा राहतो. परवा एक डबेवाले काका म्हणाले, "सतार का?" मी बेस म्हटलं. "मग वाजवा की." म्हटलं, याला वीज लागते. त्यांच्या तोंडावरचा भाव बघून मलाच वाईट वाटलं.

दोन, डावा खांदा. तीन तासांच्या शोनंतर करंगळी आणि शेजारचं बोट मुंग्या येऊन बधिर होतं. त्यात अर्धा-पाऊण किलो वाढवायचा?

तीन, घरचा रियाज. खालच्या मजल्यावरच्या आजोबांची सोसायटीत तक्रार आहे. मोबाइलवरचं आवाज मोजायचं अ‍ॅप ५० च्या आत दाखवतं, तरी ते म्हणतात पलंग हलतो. मला वाटायचं ते उगाच कुरकुरतात. सध्या अँप, म्हणजे अँप्लिफायर, बंद. रात्री जेवणं झाली की बेसचं वरचं शिंग लाकडी कपाटाला टेकवतो आणि बिनविजेचाच वाजवतो, कपाट छान बोलतं. फक्त ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर स्वयंपाकघरातल्या मांडणीतली ताटं थरथरतात. बायको तिथून ओरडते, "तो एक सूर सोडून वाजवा ना."

तर घ्यावा का? की चार तारांवरच काही मार्ग आहे?

सोल्डरवाला_पुणे

मी वाद्यं दुरुस्त करतो, विकत नाही, त्यामुळे माझा यात फायदा नाही. सध्या घेऊ नका.

तुम्हाला खालची बी नकोय, ई च्या खालचा एकच सूर हवाय. त्यासाठी अख्खी जाड तार, रुंद मान आणि वर वजन कशाला? ओपन ई ४१ हर्ट्झची, काळी २ म्हणजे ३९ आणि बी ३१. मंडपातल्या बहुतेक स्पीकरांतून ३१ धड बाहेर पडत नाही. कानाला लागते ती त्याची दुप्पट, ६२. त्यात साऊंडवाल्याने लो-कट (खालचे सूर कापणारं बटण) दाबून ठेवला असेल तर तुमची नवी तार फक्त तुम्हालाच दिसणार.

ई च्या चावीच्या जागी बसवायचा एक खटका मिळतो, हिपशॉटचा एक्सटेन्डर. खटका ओढला की ई ची डी होते, पांढरी २. मग तिचा पहिला फ्रेट म्हणजे काळी २. गाणं संपलं की खटका परत, बाकी तीन तारांना हातसुद्धा लागत नाही. मात्र खटका ओढलेला असताना त्या एका तारेवर सगळं दोन फ्रेट पुढे. तेवढ्याचा रियाज करावाच लागेल, नाहीतर दुसरी लावणी.

बसवून घेताना दोन गोष्टी सांगा. उतरवलेली तार सैल पडून पहिल्या फ्रेटांवर फडफडते, म्हणून १०५ च्या जागी ११० ची, म्हणजे जरा जाड, तार घाला. आणि नटची (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) खाच त्या जाडीला घासून घ्या, नाहीतर तार अडकते आणि खटका परत टाकल्यावर सूर जागेवर येत नाही. मानेतला रॉड (मानेचा बाक सावरणारी सळई) स्वतः फिरवणार असाल तर एका वेळी पाव फेरा, मग थांबा. पावसाळ्यात मान हलली म्हणून लोक पूर्ण फेरा मारतात आणि माझ्याकडे येतात.

आता आजोबा. ते खरं बोलताहेत. ही अ‍ॅप बहुधा डीबी-ए मध्ये मोजतात. त्या मापात ४० हर्ट्झच्या आवाजातले जवळजवळ ३५ डेसिबल वजा होतात, कारण माणसाच्या कानाला इतकं खालचं कमी ऐकू येतं. पण पलंगाला कान नसतात. अँप जमिनीवरून उचला, जाड फोमवर किंवा स्टूलवर ठेवा, भिंतीपासून लांब. किंवा सरळ हेडफोन.

तियात्रातलो_बेस

पणजीहून लिहितो. मराठीत थोडं इकडचं तिकडे झालं तर समजून घ्या.

तुमची काळी २ म्हणजे आमचा ई-फ्लॅट. तियात्रात (कोकणी संगीत नाटकात) आणि लग्नाच्या बँडात ट्रंपेट-सॅक्सोफोन असतात, त्यांना फ्लॅटच्याच पट्ट्या सोयीच्या. त्यामुळे ई-फ्लॅट आणि बी-फ्लॅट हा आमचा रोजचा भात. मी तरुणपणापासून चार तारांवर तोच खातोय, खाली सूर नाही म्हणून कधी कोणी जेवायचं थांबलं नाही.

युक्ती एवढीच. सा धरा ए तारेच्या (ई च्या शेजारची) सहाव्या फ्रेटवर. त्याच फ्रेटवर बाजूची जाड तार दाबली की खालचा पंचम मिळतो. समेवर सा, मध्ये खालचा पंचम, परत सा. कानाला वाटतं बेस खाली गेला, आणि गेलेला असतोच, सा च्या खाली. तुम्ही सप्तकभर वर जाऊन तिथेच बसून राहता म्हणून ड्रमर बघतो. फक्त पंचमावर मुक्काम करू नका, गाणं एका पायावर उभं राहिल्यासारखं वाटतं.

अमेरिकेतल्या मोटाउन रेकॉर्ड कंपनीचा बेसवाला जेम्स जेमर्सन आठवा. चार तारा, आणि उजव्या हाताचं बहुतेक एकच बोट. खटका-बिटका नंतर बघा.

नाशिकची_जाडतार

दादा, मी तुमच्या उलट्या बाजूची. दोन वर्षं पाच तारांचा वाजवला आणि परत चारवर आले. वजनापेक्षा त्रास झाला तो न वाजवलेल्या तारेचा. ती खालची बी बाकीचं काहीही वाजवलं की स्वतःहून घुमते. उजवा अंगठा सतत तिच्यावर टेकवून ठेवावा लागतो. तुमचा अंगठा एकवीस वर्षं पिकअपवर (तारांखालच्या चुंबकाच्या पट्टीवर) टेकत असेल, त्याला ते शिकवायला वर्ष जाईल. आणि मंडपातल्या अंधारात ई समजून बी वाजते, ते लावणीपेक्षा वाईट.

माझा पंजा लहान आहे, पहिल्या पाच फ्रेटांत चार बोटं चार फ्रेटांवर ताणून माझं मनगट गेलं होतं. मग डबल बेसवाल्यांची सिमांडलची पद्धत घेतली. खाली पहिलं, दुसरं आणि चौथं बोट, तिसरं चौथ्याच्या मदतीला, हात तीनच फ्रेट झाकतो आणि बाकी सरकायचं. वेग थोडा गेला, दुखणं बरंच गेलं.

मुंग्यांचं मात्र इथे विचारू नका, डॉक्टरांना दाखवा. करंगळी आणि शेजारचं बोट म्हटल्यावर मला फिजिओने कोपराचं आणि मानेचं विचारलं होतं, मी मनगट घेऊन गेले होते. तोवर पट्टा रुंद घ्या. चार बोटं रुंद चामड्याचा, आतून खरखरीत असेल तर बरं, म्हणजे मान खाली घसरत नाही आणि डाव्या हाताला ती उचलून धरावी लागत नाही. पट्टा इतका आखूड ठेवा की बसून आणि उभं राहून बेस पोटावर एकाच जागी येईल. दिसायला म्हाताऱ्यासारखं दिसतं. चालतं.

डावाहात_कीबोर्ड

मी आपला शत्रू. एक विचारतो, काळी २ च्या गाण्यांत तुमच्या कीबोर्डवाल्याचा डावा हात काय करत असतो? बेसवाला वर गेला की आम्हाला खाली पोकळी दिसते आणि आम्ही ती भरतो. सवय असते, राग मानू नका.

खर्जवाला_डोंबिवली

डावाहात, तुमच्या पाया पडायला पाहिजे. तालमीत लक्ष ठेवलं. तो खरंच डाव्या हाताने सगळं भरत होता, म्हणून तर मी पंचम घेतला की चिखल व्हायचा. चहा पाजून सांगितलं. म्हणाला, "मला वाटलं तुला ऐकू येत नाही म्हणून तू वर वाजवतोस." एकवीस वर्षांत आमचं हे पहिलंच संगीतविषयक बोलणं.

आजोबांची माफी मागितली. अँप स्टुलावर गेला. त्यांनी पलंगाचं काही सांगितलं नाही, गुडघ्यांचं सांगितलं, पाऊण तास.

सोल्डरवाला, एक राहिलं. मंडपात बेस माइकपाशी नेला की कधी कधी ओठाला झटका बसतो, कोरसला उभा असतो तेव्हा. साऊंडवाला म्हणतो प्लगची तिसरी पिन काढ.

सोल्डरवाला_पुणे

अजिबात काढू नका! तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होते ते चालतं, तो बेसचा स्वभाव. ओठाला झटका म्हणजे माइक आणि तुमचा अँप यांच्या अर्थिंगमध्ये फरक आहे, नाहीतर एकीकडे अर्थिंगच नाही. जनरेटरवर असलं बरंच होतं. पिन काढली तर तुमच्या बाजूचं उरलंसुरलं संरक्षण गेलं. दोघांची वीज एकाच बोर्डवरून घ्या, अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासा, आणि तोवर कोरसला उभे राहू नका. नुसती गुणगुण असेल तर डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. ते फक्त सिग्नलच्या केबलचं ग्राउंड तोडतं, विजेच्या अर्थिंगला हात लावत नाही.

खर्जवाला_डोंबिवली

महिन्याने परत आलो, कारण इथे लिहिणारे नंतर काय झालं ते कधी सांगत नाहीत.

पाच तारांचा घेतला नाही. रुंद पट्टा घेतला. फिजिओने मान आणि कोपर दोन्ही बघितलं, व्यायाम दिलेत, आणि पिशवी एकाच खांद्यावर घेणं बंद करायला लावलं. आता पाठीवर दोन पट्ट्यांनी. लगेजमध्ये चढताना वरच्या दांडीला हेडस्टॉक आपटतो म्हणून गुडघ्यात वाकून चढतो, डबेवाले काका त्याला नमस्कार म्हणतात.

खटका बसवला. ११० ची तार, नट घासून घेतला. घरी कपाटाला टेकवून आठवडाभर ओढ-सोड, ओढ-सोड. शनिवारी शो होता. पहिल्या गाण्याच्या आधी अंधारात खटका ओढून, अंगठा पहिल्या फ्रेटमागे ठेवून तयार उभा.

गायक माइक बाजूला करून आमच्याकडे वळला. घसा बसला होता. म्हणाला, "आज हे काळी १ ला."

खटक्याची डी पांढरी २ लाच संपते. काळी १ त्याच्याही खाली. ड्रमरने काठ्या मोजायला सुरुवात केली होती. खटका परत ढकलला, ए तारेचा चौथा फ्रेट पकडला, आणि त्याच्याच बाजूला जाड तारेवर पणजीवाल्यांचा पंचम. ड्रमर शेवटपर्यंत समोर बघत होता.