चिनीभाषकांना दुष्टपणाचे इंग्रजी शब्द: मुळावरून शिकवावेत की नामासोबतच्या जोडीवरून?

धातुप्रेमी: मॅलिशस, मॅलेव्होलंट, मॅलिग्नंट हे शब्द लॅटिन 'माल' म्हणजे 'वाईट' या मुळावरूनच शिकवावेत. चिनीत हेच काम 'अ' (चौथा टोन, म्हणजे उच्चारातला चौथा सूर) हे अक्षर करतं. अ-यी म्हणजे मॅलिस, अ-शिंग म्हणजे मॅलिग्नंट. पाया तयारच आहे. मॅलेव्होलंटमधला 'व्होल' म्हणजे इच्छा. शेजारी बेनेव्होलंट (भलं चिंतणारा) मांडला की दोन्ही शब्द पक्के.

जोडशब्द: घात होतो तो इथेच. अ-शिंग गाठ म्हणजे मॅलिग्नंट ट्यूमर, बरोबर. पण अ-शिंग श्युन-ह्वान म्हणजे आपलं दुष्टचक्र, आणि ते इंग्रजीत व्हिशस सर्कल! मुळावर विसंबलेला विद्यार्थी बेधडक 'मॅलिग्नंट सर्कल' लिहितो. अ-शिंग चलनवाढ तर थेट हायपरइन्फ्लेशन, तिथे 'माल' औषधालाही नाही. अफवा मॅलिशस, चावरा कुत्रा व्हिशस, पिशाच्च ईव्हल. वहीत विशेषण एकटं उतरवूच देऊ नये, नाम सोबत हवंच.

अर्थछटा: तुम्ही दोघंही 'अ'मध्येच अडकलात. खरा गोंधळ यिन-श्येन या शब्दाचा. वरून गोड, आतून डाव रचणारा माणूस असा त्याचा अर्थ. कोशात त्यापुढे सिनिस्टर आणि इन्सिडियस दोन्ही सापडतात. सिनिस्टरमधला धोका समोरच्याला जाणवतो, म्हणून हसू सिनिस्टर असतं. इन्सिडियसमधला धोका कळतच नाही, हळूहळू पोखरतो. म्हणून तो शब्द आजाराला किंवा अपप्रचाराला चपखल बसतो. मुळावरून हा फरक कळणार नाही. सिनिस्टर लॅटिनमध्ये नुसता 'डावा'!

धातुप्रेमी: लिहिताना जोडी लागते, मान्य. पण वाचताना मॅलफीझन्स पहिल्यांदाच समोर आला तर पाठ केलेली कुठली जोडी मदतीला येणार? 'माल' आणि 'करणे' ही दोन मुळं माहीत असली की 'गैरकृत्य' हा अर्थ हाती लागतो.

जोडशब्द: मग मॅलेट आणि मेल यांचं काय? मोगरी वाईट की पुरुष वाईट? दोन्हींचा या 'माल'शी संबंध नाही. मुळं शिकवायचीच असतील तर हे अपवाद पहिल्याच तासाला फळ्यावर हवेत. उच्चारही तेव्हाच सांगा: मलाइनमध्ये (बदनामी करणे) 'ग' मुका, मॅलिग्नंटमध्ये बोलका. आणि व्हिशसच्या जागी व्हिस्कस लिहिलं की दुष्ट माणूस चिकट होतो, तेही बजावा.