राणे आणि नौशेरा–राजौरी रस्ता: चार दिवस कशात गेले?

चिकित्सक: सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे (बॉम्बे सॅपर्स, म्हणजे लष्कराचे अभियंते) यांनी एप्रिल १९४८ मध्ये काश्मीर युद्धात शत्रूने अडवलेला जम्मूतला नौशेरा–राजौरी रस्ता मोकळा केला. त्या कामगिरीवरचे बरेच लेख चाळले. सगळीकडे 'झाडं उडवली, सुरुंग काढले' यापलीकडे काही नाही. दोन शंका आहेत. आडवी पाडलेली झाडं रणगाड्यानेच ढकलून का दिली नाहीत? आणि रणगाडे १० तारखेला १४०० वाजता (दुपारी दोनला) राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसला पोचले, तर रस्ता ११ ला खुला झाला असं कसं?

मोरीवाला: ढकलायला कोण नको म्हणतंय! पण त्या पाच मोठ्या चिडांच्या (पाइनच्या झाडांच्या) भोवती सुरुंग पेरलेले होते आणि वरून मशीनगनचा मारा. सुरुंग फुटून रणगाड्याचा पट्टा तुटला, तर डोंगरकडेच्या रस्त्यात तोच नवा अडथळा. म्हणून आधी सुरुंग, मग स्फोट. संगीन तिरकी, साधारण ३० अंशांत खुपसतात. उभी खुपसली तर टोक थेट दाबाच्या तबकडीवर बसतं. काही लागलं की बाजूची माती हाताने काढायची. सापडलेला सुरुंग लगेच उचलायचा नाही, खाली दुसरा लावलेला असू शकतो. दोरी बांधून आडोशाला जायचं आणि तिथून ओढायचा.
झाडाचंही तसंच. बुंध्याला भोक पाडून भरलं तर स्फोटक कमी लागतं, पण वेळ जातो. गोळीबारात बाहेरूनच बांधतात, मग माल जास्त जातो. सेफ्टी फ्यूज (स्फोटकाला पेटवणारी वात) फुटाला साधारण ३० सेकंद धरतात. ओल लागली की ते गणित गेलं. म्हणून त्याच गुंडाळीतला तुकडा आधी जाळून वेळ बघायची.

नकाशेवाला: दुसऱ्या शंकेचं उत्तर राणेंच्या परमवीर चक्राच्या मानपत्रातल्या वेळांतच आहे. बरवाली टेकडी ८ ला १६३० च्या सुमारास हाती आली. त्यापुढचा वळणरस्ता करायला त्या रात्री २२०० पर्यंत आणि ९ ला ०६०० ते १५००, म्हणजे एकट्या त्याच कामाला साडेचौदा तास. पाच चिडांचा अडथळा १० ला ०४४५ ते ०६३०. पुढच्या हजार यार्डांना चार तास!
त्यानंतर रणगाडे रस्ता सोडून तवी नदीच्या पात्रात उतरले आणि त्यातून चिंगसला गेले. रसद नेणाऱ्या ट्रकांना ते जमत नाही. शत्रूने उडवलेल्या मोरीशी (रस्त्याखालून पाणी जायच्या छोट्या पुलाशी) दोन्ही काठ कापून उतार काढला तरी रणगाड्याला चालणारा उतार ट्रकला चालत नाही. चार-पाच गाड्या गेल्या की चाकोरी खोल होते आणि सहावी रुतते, म्हणून दगड अंथरावे लागतात. राणे मागे राहिले ते यासाठी. चिंगसपर्यंतचा रस्ता ११ ला ११०० ला खुला झाला.

चिकित्सक: आणि रणगाड्याखाली सरपटत, दोरीच्या खुणांनी तो पुढे नेल्याची गोष्ट?

नकाशेवाला: मानपत्राच्या घटनाक्रमात ती नाही. लेखात घेतलीत तर या वेळांत मिसळू नका. आणि ९ च्या संध्याकाळी १८१५ नंतर काम थांबवण्याचा निर्णय रणगाडा तुकडीच्या कमांडरचा होता. राणे तेव्हा सुरुंग काढायला बसलेही होते.