१२ अनोळखी माणसं, एक इमारत, १४ दिवस: झॉम्बी बाहेर असताना आतली व्यवस्था कशी लावायची?

जिन्याखाली (धागाकर्ती)

झॉम्बी आले तर हातात काय घ्यायचं यावर धागे भरपूर झालेत. माझा प्रश्न दाराच्या आतला आहे.

समजा तीन मजली पक्की इमारत आहे. आत १२ जण, कुणीच कुणाला ओळखत नाही. ११ मोठे आणि एक चार महिन्यांचं बाळ. बाळाची आई सोबत आहे, अंगावर पाजते. मोठ्यांपैकी एक आजोबा इन्सुलिनवर आहेत. गच्चीवर १००० लिटरची टाकी, काठोकाठ भरलेली. नळ आणि वीज दोन्ही गेलंय. मदत यायला १४ दिवस धरा. रोग चाव्यातून पसरतो, हवेतून नाही. चावा बसल्यापासून माणूस बदलायला किती वेळ लागतो ते पक्कं ठाऊक नाही. काही तासांपासून दोन दिवसांपर्यंत पाहण्यात आलंय.

पाणी पुरेल का, दार टिकेल का आणि कुणी चावा लपवला तर काय? सगळ्यात जास्त तिसऱ्यावर अडलंय. 'एकमेकांवर विश्वास ठेवा' छापाची उत्तरं नकोत, विश्वास बसायला लागतो तेवढा वेळच या लोकांकडे नाही.

---

नळजोडणी

पाणी पुरेल, पण पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी गच्चीवर जाऊन टाकीखालचा कॉक बंद केला तरच. कारण सांगतो. एका फ्लशला ७ लिटर धरा. ११ मोठी माणसं दिवसातून पाचदा गेली तर ३८५ लिटर. म्हणजे तिसऱ्या दिवशी टाकी कोरडी, आणि प्यायलाही काही नाही. शिवाय घाबरलेली माणसं नळ उघडून बघतात, पाणी आलं की तसाच ठेवून पळतात. त्यामुळे आधी कॉक, मग चर्चा.

कॉक बंद झाला तरी पाइपांत पाणी असतंच. सर्वात वरचा नळ उघडा म्हणजे हवा आत शिरेल, आणि सर्वात खालच्या नळाला बादली लावा. फ्लशच्या टाकीतलं पाणी (भांड्यातलं नव्हे) उकळून चालतं, मात्र टाकीत निळी वडी टाकलेली असेल तर अजिबात नाही.

आता हिशेब. अमेरिकेच्या सीडीसीने (साथरोगांवर काम करणारी सरकारी संस्था) २०११ साली झॉम्बींचं निमित्त करून आपत्तीच्या तयारीची यादी काढली होती. त्यात माणशी रोज एक गॅलन, म्हणजे ३.८ लिटर पाणी धरलंय. आपण ४ धरू. १२ जणांचे रोजचे ४८ लिटर, १४ दिवसांचे ६७२. बाळ पाणी पीत नाही, पण त्याच्या वाटणीतलं लिटरभर आईला जास्तीचं द्या, दूध त्यातूनच येतं. उरले ३२८, म्हणजे रोजचे २३ लिटर. ते फक्त हात धुण्यासाठी. आंघोळ विसरा.

प्यायचं पाणी एक मिनिट खळखळून उकळा. इंधन नसेल तर बिनवासाचं साधं ब्लीच, ५ ते ६ टक्क्यांचं: लिटरला २ थेंब, गढूळ असेल तर आधी कापडातून गाळून ४ थेंब, मग अर्धा तास थांबा. शेवटी क्लोरीनचा किंचित वास यायला हवा. नाही आला तर तेवढेच थेंब परत टाका आणि १५ मिनिटं थांबा. सगळ्या टाकीत एकदम ओतू नका, क्लोरीन उडून जातो. रोजचं पाणी रोज करा.

संडास दोन बादल्यांचा: लघवीची वेगळी, शौचाची वेगळी. दोन्ही एकत्र झालं की वास आणि वजन दोन्ही हाताबाहेर जातं. ११ जणांची लघवीच रोज १३-१४ लिटर होते, ती मोरीत ओता. शौचाच्या बादलीत दुहेरी पिशवी, आणि प्रत्येक वेळी वरून वाटीभर राख, भुसा किंवा बारीक फाडलेला कोरडा कागद. दोन तृतीयांश भरली की पिशवी बांधून बाहेर. लघवीच्या बादलीत ब्लीच टाकू नका, विषारी वायू तयार होतो. दरवेळी कुणीतरी 'वास मारायला' म्हणून हेच करायला जातं.

हात धुवायला एक बाटली पुरते. बुडापासून दोन बोटं वर सुईने भोक पाडा, पाणी भरा, बूच घट्ट लावा. बूच सैल केलं की धार सुरू, आवळलं की बंद. साबण तिथेच दोरीला लटकवा. अशा ठिकाणी जुलाब लागले तर ते चाव्यापेक्षा लवकर सगळ्यांना झोपवतात. जुलाबावर १ लिटर पाण्यात सपाट ६ चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

---

खिळामोळा

दाराबद्दल. कपाट सरकवून दारामागे लावायची सवय सोडा. ६० किलोचं कपाट गुळगुळीत फरशीवर साधारण २४० न्यूटन जोराला (२४-२५ किलो वजन उचलायला लागतो तेवढ्या) सरकतं. एक धडधाकट माणूस खांदा लावून त्याहून जास्त ढकलतो. आणि गर्दी? चेंगराचेंगरीत ४५०० न्यूटनच्या वर जोर लागून लोखंडी कठडे वाकलेले आहेत. झॉम्बींची ताकद जास्त नसते, अडचण ही की मागचे थांबत नाहीत.

म्हणून वजनावर भिस्त नको, जोर भिंतीवर गेला पाहिजे. बोळातलं दार असेल तर दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत सामान सलग भरा, मध्ये वीतभरही फट नको. फट असली की सामान आधी तेवढं सरकतं, आणि तेवढ्यात कडी निखळते.

कडी-कुलूप सहसा तुटत नाही. तुटते ती चौकट, जिथे कुलपाची जीभ शिरते तिथे. तिथल्या पत्तीला बहुधा १५-२० मिमीचे स्क्रू असतात, ते फक्त लाकडाच्या वरच्या पापुद्र्यात बसलेले. ७५ मिमीचे घाला म्हणजे चौकट ओलांडून भिंतीत शिरतील. इतकं साधं काम, पण त्याने जो फरक पडतो तो दोन कपाटांनी पडत नाही.

याहून चांगलं म्हणजे तळमजला सोडून द्या आणि जिन्याच्या वळणावर अडथळा करा. सरळ जिन्यात मागच्या पन्नास जणांचा रेटा पुढच्याच्या पाठीवर येतो. काटकोनी वळणावर तो बराचसा भिंतीवर जातो, आणि अडथळ्याला भिडतात ते दोघं-तिघंच. खुर्च्यांचे पाय एकमेकांत अडकवून तारेने बांधा. फळ्या लावून बंद करू नका, पलीकडचं दिसलं पाहिजे.

आणि दुसरी वाट ठेवा, गच्चीवरून किंवा मागच्या खिडकीतून. एकच वाट असलेली जागा म्हणजे पिंजरा.

---

टाका

चाव्याच्या प्रश्नावर लिहितो. लांबेल.

लोक चावा का लपवतात? सांगितला तर बाहेर काढतील किंवा डोक्यात हातोडा घालतील म्हणून. जो गट पहिल्या दिवशी 'चावलेला दिसला की संपवायचा' असं ठरवतो, तो गट लपवणारी माणसं तयार करतो. त्यामुळे नियम उलट्या बाजूने बांधा: सांगितलं तर जेवण, पाणी, पांघरूण, उजेड सगळं मिळणार, फक्त दार बाहेरून बंद. लपवलेलं सापडलं तर काय, तेही आधीच ठरवा, सगळ्यांसमोर, कुणाचंही नाव पुढे येण्याआधी. नंतर ठरवायला बसलात तर ती शिक्षा त्या एका माणसासाठीच बनवल्यासारखी होते.

तपासणी सगळ्यांची. आईची, बाळाची, आजोबांची आणि तपासणाऱ्याचीही. संशय आला म्हणून एकालाच तपासायला गेलात की भांडण. दारातून आत येणारा प्रत्येक जण तपासला जातो म्हटलं की तो अपमान राहत नाही. पडदा लावा, बाईला बाईने आणि पुरुषाला पुरुषाने, दोघादोघांनी, चांगल्या उजेडात. कपड्यांवरून चाचपून भागत नाही. केसांत, कानामागे, काखेत, बोटांच्या बेचक्यात, तळपायाला बघा. पोटरीची मागची बाजू हमखास राहते.

प्रत्येकाच्या नावाने एका कागदावर माणसाची साधी आकृती काढा, पुढून आणि मागून, आणि आज असलेला प्रत्येक ओरखडा त्यावर मांडा. हा कागद आज निरुपयोगी वाटेल. पाचव्या दिवशी कुणाच्या तरी दंडावर खिळ्याचा जुना ओरखडा दिसतो आणि खोलीत आरडाओरडा सुरू होतो, तेव्हा हाच कागद माणूस वाचवतो. लाल जखम असेल तर तिच्या कडेने पेनाने रेघ मारा आणि वेळ लिहा. लाली रेघेबाहेर गेली की ती पसरतेय हे वादाशिवाय कळतं. (हे साध्या जंतुसंसर्गालाही लागू आहे, आणि १४ दिवसांत तोच होण्याची शक्यता जास्त.)

चावा ताजा असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. रेबीजला हेच करतात, झॉम्बीच्या चाव्याला याच्याइतकं जवळचं खरं उदाहरण दुसरं नाही. उपयोग होईलच असं नाही, पण खर्च फक्त पाण्याचा आहे. धुणाऱ्याने हातमोजे घालावेत, नसतील तर हातांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या.

वेगळी खोली कशी हवी? दार खोलीच्या आत उघडणारं. म्हणजे आतून ढकललं तर ते चौकटीवरच दाबलं जातं. कडी बाहेरून. आत फक्त गादी, पाणी, बादली. तासातासाला दाराबाहेरून बोला: नाव विचारा, १०० मधून ७ वजा करत जायला सांगा. उत्तर बरोबर येण्यापेक्षा कालच्यासारखं येतंय का ते महत्त्वाचं. झोपेतही उठवा. कडी उघडताना नेहमी दोघं.

किती दिवस? पाहण्यात आलेला सर्वात लांब काळ घ्या आणि दुप्पट करा. तुमच्या गणितात दोन दिवस, म्हणजे चार. मुदत कोंडण्याआधी सांगा आणि नंतर वाढवू नका. १३७७ साली रगुसा बंदराने (आजचं क्रोएशियातलं डुब्रोव्निक) प्लेगच्या भीतीने बाहेरून येणाऱ्यांना ३० दिवस वेगळं ठेवलं, पुढे त्याचे ४० झाले आणि त्या चाळीसच्या इटालियन शब्दावरूनच 'क्वारंटाइन' जगभर रूढ झाला. आकडा मात्र आधीच ठरलेला असे.

---

कडेलोट

भाबडेपणा वाटतो. २००९ मध्ये कॅनडातल्या गणितज्ञांनी झॉम्बीच्या साथीचं गणित मांडलं होतं, त्यात विलगीकरणाने शेवट फक्त थोडा लांबला. चावलेल्याला बाहेर काढा, प्रश्न मिटला.

---

टाका

@कडेलोट, ते गणित आख्ख्या लोकसंख्येचं आहे. धागाकर्तींना १४ दिवस काढायचेत, त्यामुळे 'थोडा लांबला' हेच त्यांना हवंय. शिवाय बाहेर काढायचं म्हणजे खिळामोळांनी सांगितलेला जिन्यातला अडथळा सोडायचा, दार उघडायचं, आणि जीव वाचवायला झटणाऱ्या माणसाला चौघांनी ढकलत न्यायचं. त्या झटापटीत आणखी एकाला चावा बसण्याचा धोका आतल्या बंद खोलीपेक्षा मोठा आहे.

---

रातकिडा

पहारा आणि हवा, या दोन गोष्टी राहिल्यात.

आई आणि आजोबांना रात्रीचा पहारा नको. उरले ९. रात्रीचे ८ तास, दोन-दोन तासांच्या चार पाळ्या, पाळीला दोघं, म्हणजे आठ जण. नववा त्या रात्री पूर्ण झोपतो, आणि रोज एकेक नाव पुढे सरकतं. दोघं एकदम बदलू नका, तासाच्या फरकाने बदला. गाढ झोपेतून उठलेला माणूस १५ ते ३० मिनिटं अर्धवटच असतो. दोघंही नुकतेच उठलेले असतील तर त्या वेळात पहारा नाहीच असं समजा. पहाटे ३ ते ५ सर्वात वाईट, तेव्हा उभ्यानेच पहारा. आणि जोड्या रोज बदला. त्याच जोड्या राहिल्या की चौथ्या दिवशी गट पडतात, सहाव्या दिवशी धान्याच्या मोजणीवरून संशय सुरू होतो.

हवा. खिडक्या प्लॅस्टिक आणि चिकटपट्टीने हवाबंद करायचा मोह होतो. रोग हवेतून येत नाही, मग कशाला? स्वस्थ बसलेला माणूस तासाला साधारण २० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. १२ जणांचे २४० लिटर. ६ बाय ५ मीटरची, ३ मीटर उंच खोली म्हणजे ९० घनमीटर. तासाला पाव टक्क्याहून जास्त वाढ, आठ तासांत २ टक्के. सकाळी सगळ्यांची डोकी ठणकतात आणि चिडचिड होते, आणि इथे डोकेदुखी म्हणजे लगेच 'याला लागण झाली' हा संशय. उजेड बाहेर दिसू नये म्हणून जाड कापड लावा, पण भिंतीपासून चार बोटं सोडून. वर एक फट, खाली एक.

शेगडीत कोळसा आत पेटवायचा नाही, फट असली तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला उठत नाही. जनरेटर सापडलाच तर खिडक्यांपासून निदान ६ मीटर दूर. शिवाय तो आवाज करतो, त्यामुळे नसलेलाच बरा.

बाळ: रडणं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून आतल्या खोलीत, खिडकी नसलेल्या, भिंतींना गाद्या उभ्या लावून. दाराच्या फटीखाली गुंडाळलेली चादर, पण वरची हवा चालू ठेवा. 'रडू नये म्हणून थोडं सर्दीचं औषध' कुणीतरी नक्की सुचवेल. ते देऊ नका, एवढ्या लहान बाळाचा श्वास मंदावतो.

---

जिन्याखाली

सगळ्यांचे आभार. कॉक आणि आकृतीचा कागद हे डोक्यातच नव्हतं. आजोबांचं इन्सुलिन फ्रिजशिवाय टिकेल का? आणि धान्याची किल्ली कुणाकडे?

---

टाका

बहुतेक इन्सुलिन ३० अंशांखाली सुमारे २८ दिवस चालतं, म्हणजे १४ दिवस निघतील. ऊन लागू देऊ नका, गोठू देऊ नका. डबीला ओलं कापड गुंडाळून वारा लागेल अशा सावलीत ठेवा, कुपी मात्र पिशवीत कोरडी. जेवण कमी झालं तर डोसही तसाच ठेवून चालत नाही, साखर घसरते. त्यांच्या वाटणीचं जेवण कापू नका आणि खिशात साखर द्या. बाकीच्यांचीही रोजची औषधं पहिल्याच तासात लिहून घ्या, फिट्सची तर नक्कीच, ती एकदम थांबली की झटके येतात.

---

नळजोडणी

किल्ली एकाकडे नको. दोन कुलपं, दोन माणसं, आणि ती दोघं पहाऱ्याच्या एकाच जोडीत नकोत. संध्याकाळी सगळ्यांसमोर मोजणी, आकडा भिंतीवर कोळशाने. वाटे जो करेल त्याने आपला वाटा शेवटी उचलायचा; पहिल्या दिवशी थोडं कमी-जास्त होईल, दुसऱ्या दिवसापासून वाटे आपोआप सारखे पडतात.